समुद्राला दारं लावणाऱ्या देवाने आमची वाडी का नाही राखली?

पत्र : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मी ठाण्याला असते. धाकटा भाऊ अलिबाग तालुक्यात वडिलोपार्जित वाडी करतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाली. नारळ मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या. तेव्हापासून त्याने शुक्रवार संध्याकाळची प्रार्थना सोडली, ती आजतागायत. मध्यंतरी घरी मलिदा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात तो विधी होता, तेव्हा एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "देवाला विसरलं की असं होतं." इस्राएलमध्ये अश्दोदला असलेला थोरला भाऊ फोनवर म्हणतो, "देव करतो ते बऱ्यासाठीच." धाकटा मला विचारतो, "समुद्राला 'इथवरच ये' म्हणणारा देव वाऱ्याला थांब म्हणू शकला नसता का? की त्यानेच पाठवला?" मी काय उत्तर देऊ? देव सर्वशक्तिमान आहे असं त्याच्यासमोर म्हणायचंच सोडून देऊ का? की प्रार्थना चालवणाऱ्या हजानना घेऊन एकदा त्याच्याकडे जाऊ?

ताई,

तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. देव सर्वशक्तिमान आहे असं म्हणायचं सोडू नका. फक्त ते भावाकडे तोंड करून म्हणू नका. आपल्या ग्रंथांत देवाच्या सामर्थ्याचे मोठमोठे उद्गार पुष्कळदा उद्ध्वस्त झालेल्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं ते देवालाच ऐकवतात. जे सुखरूप आहेत त्यांनी बुडालेल्याला देवाचं सामर्थ्य ऐकवावं, असेही प्रसंग ग्रंथात आहेत. ते ऐकवणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही तिथेच लिहिलं आहे.

भावाने शुक्रवारची प्रार्थना सोडली म्हणता. ती कुठल्या ओळीपाशी अडली असेल याचा मला अंदाज आहे. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या स्वागताला आपण एकोणतिसावं स्तोत्र म्हणतो. त्यात परमेश्वराचा आवाज पाण्यावर घुमतो, लबानोनचे देवदार मोडून टाकतो, रानं उघडीबोडकी करतो. वाडीत आडवे पडलेले नारळ पाहून आलेल्या माणसाने संध्याकाळी उभं राहून हे म्हणायचं! ज्याच्या जिभेवर ती ओळ अडते त्याला तिचा अर्थ नीट कळलाय. आम्ही बाकीचे ती चालीत म्हणून मोकळे होतो. तेव्हा भावाचा विश्वास उडाला असं एवढ्यात धरून चालू नका. ज्याचा विश्वास उडतो तो इतक्या वर्षांनी असले प्रश्न विचारत बसत नाही.

आता त्याचा प्रश्न. वादळ देवानेच पाठवलं का?

इथे पळवाट काढावीशी वाटते, पण आपले ग्रंथ ती काढू देत नाहीत. प्राचीन काळी इस्राएलच्या शेजाऱ्यांकडे अशा प्रश्नाला सोपं उत्तर होतं. बाबिलोनच्या कथेत मर्दुक हा देव तियामत या समुद्ररूपी देवतेला मारतो आणि तिचं शरीर चिरून अर्ध्याचं आकाश करतो. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगरातल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत वादळाचा देव बाल आणि समुद्राचा देव याम यांची झुंज आहे. असे अनेक देव असले की नासधूस एकाच्या नावावर आणि रक्षण दुसऱ्याच्या नावावर टाकता येतं. आपल्या उत्पत्ती या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात झुंजच नाही. अथांग पाणी आहे, काळोख आहे, देव बोलतो आणि पाणी बाजूला होतं. शेजारी ज्यांना देव मानत ते सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी आकाशात लावलेले नुसते दिवे आहेत. पाचव्या दिवशी समुद्रातले अजस्र प्राणीही तोच घडवतो आणि तेही त्याला चांगले दिसतात. रोश होदेशला, म्हणजे महिन्याच्या आरंभी, आपण एकशे चौथं स्तोत्र म्हणतो, त्यात तर लिव्याथान हा महाभयंकर जलचर समुद्रात खेळावा म्हणून केलेला आहे.

एवढं एकछत्री राज्य मान्य केलं की दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. बाबिलोनच्या बंदिवासातल्या लोकांशी बोलताना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो, की प्रकाश मी घडवतो आणि अंधार मी उत्पन्न करतो, शांती मी करतो आणि अनिष्टही मीच आणतो. हे वाक्य आपल्या ज्ञानी पूर्वजांनाही जड गेलं असावं. सकाळच्या प्रार्थनेत ते घेताना त्यांनी शेवट बदलला आणि 'सर्व काही उत्पन्न करतो' असं केलं. सिद्दूर, आपलं प्रार्थनापुस्तक, उघडून बघा. भावाला दाखवलंत तरी चालेल. त्याचा प्रश्न किती जुना आणि किती थोरांना छळून गेलेला आहे, ते त्याला कळेल.

म्हणून "ते देवाचं काम नव्हतं, हवामानाचा प्रकार होता" एवढं म्हणून हात झटकू नका. भावाला ते पटणार नाही, आणि ग्रंथालाही पटत नाही. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. वादळ त्याच्या सत्तेबाहेर नव्हतं, हे एक विधान. वादळ म्हणजे तुझ्यासाठी पाठवलेला निरोप होता, हे अगदी निराळं विधान. एकशे अठ्ठेचाळिसाव्या स्तोत्रात वादळी वारा देवाची आज्ञा पाळतो. आणि मलिद्याच्या ताटापुढे आपण ज्याचं नाव घेतो तो एलियाहू होरेब डोंगरावर उभा असताना डोंगर फोडणारा, खडकांचे तुकडे करणारा वारा सुटला, तेव्हा ग्रंथ स्पष्ट म्हणतो की परमेश्वर त्या वाऱ्यात नव्हता. दोन्ही वाक्यं एकाच पवित्र ग्रंथात आहेत आणि कोणी एक खोडून टाकलेलं नाही. वारा त्याचा आहे. वाऱ्यात त्याचा न्यायनिवाडा वाचायचा अधिकार मात्र माणसाला नाही.

तुमच्या नातेवाइकांनी नेमकं तेच केलं, आणि तेही मलिद्याला, एलियाहूचं नाव घेऊन झाल्यावर. मला याचा संताप येतो.

ईयोबाची, सगळं गमावलेल्या त्या सज्जन माणसाची, गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण एक तपशील पुन्हा डोळ्यांखालून घाला. त्याची दहाही मुलं कशी गेली? रानाकडून मोठा वारा आला, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळला आणि घर मुलांवर कोसळलं. वाराच होता. तीन मित्र भेटायला आले. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. सांत्वनाला गेलेल्याने दुःखी माणसाच्या आधी तोंड उघडू नये, हा आपला दंडक तिथूनच आला. आठवड्यानंतर ईयोब बोलला, मग मित्रही बोलू लागले आणि सगळं बिघडलं. बिल्दद तर सरळ म्हणाला, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. पोरं गमावलेल्या बापाला हे सांगायचं! आणि हे तिघं पाखंडी नव्हते बरं का. देवाच्या थोरवीबद्दल ते जे बोलतात त्यातली कितीतरी वाक्यं सुटी काढून भिंतीवर लावण्याजोगी आहेत.

ईयोबही देवाचं सामर्थ्य नाकारत नाही. नवव्या अध्यायात तोच म्हणतो, की तो डोंगर उलथतो, पृथ्वी हलवतो, समुद्राच्या लाटांवरून चालतो, कृत्तिका आणि मृगाची नक्षत्रं त्याने केली. ईयोबाची तक्रारच या सामर्थ्यातून उभी राहते. एवढा मोठा तू, मग माझं ऐकत का नाहीस? मित्रांना तो जे विचारतो ते तुमच्या नातेवाइकांनी वाचायला हवं होतं. देवाची बाजू घेऊन तुम्ही खोटं बोलणार का? तेरावा अध्याय, सातवी ओवी.

शेवटी देव बोलतो, तोही वावटळीतून. तुमचा भाऊ ज्या वाक्यावर बोट ठेवतो ते इथलंच, अडतिसाव्या अध्यायातलं. समुद्र गर्भातून उसळून बाहेर आला तेव्हा त्याला दारांनी कोणी कोंडलं? मी ढगांचं वस्त्र केलं, दाट अंधाराचं दुपटं त्याला गुंडाळलं, अडसर लावले आणि म्हटलं, इथवर ये, यापुढे नाही. हा भाग जरा थांबून वाचा. शेजाऱ्यांच्या कथांमध्ये ज्या समुद्राला मारावं लागतं तो इथे नुकतं जन्मलेलं, हातपाय झाडणारं बाळ आहे आणि देव त्याला दुपट्यात गुंडाळतो आहे. सामर्थ्याचं याहून मोठं चित्र मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. पण यात समुद्र कायमचा गप्प झालेला नाही. त्याला हद्द घालून दिली आहे. हद्दीच्या आत तो समुद्रच राहतो, उसळतो, आपटतो.

पुढे चार अध्याय देव बोलत राहतो आणि त्यात माणसाच्या व्यवहाराला जवळजवळ जागाच नाही. जिथे कोणी राहत नाही त्या ओसाड रानावर पडणारा पाऊस आहे. कावळ्याची भुकेली पिल्लं आहेत, कड्यावर विणारी रानशेळी आहे, कुणाच्या गोठ्यात रात्र न काढणारा रानटी बैल आहे, शेवटी बहेमोथ हे अजस्र जनावर आणि लिव्याथान आहेत. ईयोबाने काय चूक केली याबद्दल अवाक्षर नाही. तुझ्या बऱ्यासाठी केलं असंही नाही. कथेच्या सुरुवातीला स्वर्गात ईयोबाची परीक्षा घ्यायचं जे ठरलं आणि ज्यामुळे हे सगळं झालं, ते तर ईयोबाला शेवटपर्यंत कुणी सांगतच नाही. माझी समजूत अशी आहे की ईयोबाला इथे हिशेबाच्या वहीतून बाहेर काढलं जातं. पाप केलं म्हणून वारा आला, पुण्य केलं म्हणून पाऊस आला, या वहीत त्याचे मित्र अडकले होते आणि खरं तर तोही अडकला होता. जो पाऊस निर्मनुष्य रानावर पडतो तो कुणाच्या पुण्याईचा? आणि मग कोकणच्या किनाऱ्यावर आलेला वारा कुणाच्या पापाचा? त्या दिवशी वाटेत देवळं, मशिदी, चर्च, शाळा, कोळ्यांची घरं, सगळंच आलं होतं.

हे ऐकून भावाला लगेच बरं वाटेल असं मी म्हणणार नाही. ईयोबालाही आपली मेलेली मुलं परत मिळाली नाहीत. पुढे नवी झाली. त्याची गुरंढोरं मोजून दुप्पट झाली, पण मुलं दुप्पट झाली असं ग्रंथ म्हणत नाही, आणि या मौनाबद्दल मला लिहिणाऱ्याविषयी आदर वाटतो.

आता देवाकडे तोंड करून बोलण्याविषयी. चौऱ्याहत्तरावं स्तोत्र काढा. मंदिर जळून गेल्यानंतरचं ते आहे. बहुतेक अभ्यासक ते इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम पाडलं त्या आकांताशी जोडतात. सुरुवातीला शत्रूने काय केलं ते बारकाईने सांगितलं आहे. दाट झाडीत कुऱ्हाडी चालवाव्यात तशा त्यांनी मंदिरातल्या कोरीव कामावर कुऱ्हाडी आणि हातोडे चालवले. मग आग लावली. आमच्यात आता संदेष्टा उरला नाही, हे किती दिवस चालायचं ते सांगणारा कोणी नाही. आणि मध्येच, काही सूचना न देता, गाणारा म्हणतो, तरीही देव प्राचीन काळापासून माझा राजा आहे. तू आपल्या बळाने समुद्र दुभंगलास. लिव्याथानाची मस्तकं तू चिरडलीस. झरे तू फोडलेस, बारमाही नद्या तू आटवल्यास. दिवस तुझा, रात्रही तुझी. उन्हाळा आणि हिवाळा तूच केलेस.

राखेच्या ढिगावर उभं राहून म्हटलेली ही स्तुती आहे आणि ती तिथे संपत नाही. पुढच्याच ओळीत तो म्हणतो, हे आठव. आपल्या पारव्याचा जीव श्वापदाच्या हाती देऊ नकोस. देवा, ऊठ, आपला वाद आपण लढ. म्हणजे समुद्र दुभंगल्याची आठवण इथे अर्जाला जोडलेल्या पुराव्यासारखी येते. तू हे करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून तर मी तुझ्या दारात ओरडतोय. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यापुढे कोण कशाला गाऱ्हाणं मांडेल? एकोणनव्वदावं स्तोत्रही असंच, खवळलेल्या समुद्रावरच्या सत्तेची थोरवी गाता गाता एकदम उलटतं आणि देवालाच सुनावतं, आपल्या सेवकाशी केलेला करार तू झिडकारलास. हे शब्द पवित्र ग्रंथात आहेत. कोणी ते निंदा म्हणून काढून टाकले नाहीत.

तुमच्या भावाचा प्रश्न आणि या स्तोत्रकाराचा प्रश्न यांत मला फारसं अंतर दिसत नाही. फरक एवढाच की भाऊ तो तुम्हाला विचारतो आहे. तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, "की त्यानेच पाठवला?", तर स्पष्टीकरण देऊ नका. म्हणा, "मला ठाऊक नाही रे. पण विचारायचा तुला हक्क आहे, आणि आपण दोघं मिळून त्यालाच विचारू." एवढं पुरे आहे. याहून जास्त सांगणाऱ्याला ईयोबाच्या तेराव्या अध्यायातला तो सवाल लागू होतो.

आणखी एक गोष्ट, कारण ती तुमच्या घरापासून फार लांब नाही. नौगावला आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ खांब उभा आहे. आपली परंपरा सांगते की त्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, आणि ग्रंथ समुद्रात गेले. उरलेल्यांना देव एकच आहे असं सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना तेवढी आठवत होती. समाजाची गोष्ट समुद्राच्या तडाख्यापासून सुरू होते, तरी त्यात जहाज कुणाच्या पापामुळे फुटलं हे कुठेच येत नाही. वाचले म्हणून चौदा जण पुण्यवान आणि बुडाले ते पापी, असंही मी कुणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ज्या समुद्राने ग्रंथ नेले त्याच्याच काठावर राहून या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले, आणि समुद्राच्या धन्याचं नाव घेत राहिले. भावाची वाडी त्याच काठावर आहे.

आता काय करायचं ते. हजानना नेऊ नका, निदान या खेपेला नको. ते कितीही प्रेमळ असले तरी आपल्याला समजवायला माणूस आणला, असंच भावाला वाटेल. तुम्ही एकट्या जा, नाहीतर मुलांना घेऊन जा.

ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात एक ओवी आहे, सहसा कोणी तिच्याकडे बघत नाही. देवाने मित्रांना झापलं, तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत म्हणून सुनावलं, सात गोऱ्हे आणि सात एडके अर्पण करायला लावले आणि ईयोबाने तुमच्यासाठी प्रार्थना केली तरच ऐकेन असं सांगितलं. त्यानंतर अकरावी ओवी. मग त्याचे सगळे भाऊ, सगळ्या बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या अरिष्टाबद्दल त्याचं सांत्वन केलं, आणि प्रत्येकाने त्याला एकेक नाणं आणि सोन्याची एकेक अंगठी दिली. परमेश्वराने आणलेलं अरिष्ट, असं तिथे उघड लिहिलं आहे. भावंडांनी त्यावर वाद घातला नाही, देवाची वकिलीही केली नाही. जेवायला बसले आणि पैसे दिले.

तेच करा. नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. एवढी वर्षं एकट्याने काढताना माणूस कडवट होतो, त्याला विश्वासाची कमतरता म्हणू नये. वाडीत अजून किती जागा रिकामी आहे, कुठली रोपं हवीत, कुंपणाचं, पाण्याचं काय अडलंय, हे त्याच्या बायकोला विचारा. भावाला विचारलंत तर तो काही नको म्हणेल. अश्दोदच्या थोरल्याला फोन करून सांगा की 'बऱ्यासाठीच' हे वाक्य काही दिवस बाजूला ठेव आणि त्याऐवजी रोपांचे पैसे पाठव. मलिद्याला बोललेल्या नातेवाइकांशी भांडू नका, पण पुढच्या वेळी तोच विषय निघाला तर तिथेच थांबवा, भावाच्या देखत. त्याच्या वतीने कुणीतरी बोललेलं त्याने ऐकणं गरजेचं आहे.

पावसाच्या तोंडावर जा म्हणजे रोपं लावताना तुम्ही तिथे असाल. शुक्रवार मध्ये आला तर दिवे तुम्ही लावा आणि प्रार्थनाही तुम्हीच म्हणा, एकोणतिसाव्या स्तोत्रासकट. त्याने म्हटलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. चौऱ्याहत्तरावं स्तोत्र मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून सोबत न्या. त्याने पुन्हा प्रश्न काढला तर वाचायला द्या, नाही काढला तर पिशवीतच राहू द्या.